खांबाजवळची शेवंती

नवरात्र सरलं की राजापेठेत शेवंती येते आणि माझं डोकं फिरतं. दरवर्षीचं आहे हे. सून म्हणते, "आई, फुलं मी आणते, तुम्ही जाऊ नका." तिचंही बरोबर आहे. फुलं आणायला गेलेली सासू भांडण घेऊन परत येते, हे कोणत्या सुनेला आवडेल? पण मी जाते. पिशवी घेते, गुडघ्यांना शिव्या देते आणि जाते.

यंदाही कोपऱ्यावरच्या फुलवालीपुढे उभी राहिले. टोपलीत पिवळी, पांढरी आणि कसलीशी जांभळट शेवंती. एक फूल उचलून नाकाशी नेलं. वास नावापुरता. शेवंतीला खरं तर फुलापेक्षा पानाचा वास जास्त, कडसर, बोटांना लागला की दोनदा धुतलं तरी न जाणारा. तो इथे कुठेच नव्हता. मी म्हटलं, "ही तर तुझ्याकडे मी आषाढातही पाहिली होती." ती हसली. म्हणाली, "आजी, शेवंतीले आता सीझन कुठी राह्यला? वावरात लाइट लावतेत. लाइट लावला का कळी थांबते, काढला का येते. लेकराले बी मालूम हाये."

लेकरालाही माहीत आहे! मी फूल टोपलीत टाकलं, काही न घेता घरी आले आणि दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. जे आज लेकराला माहीत आहे ते साठ वर्षांपूर्वी आमच्या घरात एका माणसाला जरी माहीत असतं, तरी माझ्या वहिनीचा मळा सुटला नसता. आणि सगळ्यांत जास्त चीड येते ती ह्याची, की ते मला कळायला हवं होतं. त्या दिव्याखाली मीच बसलेली होते.

तेव्हा राजापेठ संपली की अमरावती संपायची. पुढे बडनेऱ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मळे. त्यांतला एक आमचा. आता तिथे ट्यूशन क्लासेसचे फलक आहेत, एकावर एक, आणि त्यांवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो. आमची विहीर नेमकी कुठे होती ह्यावर दादाचं नि माझं शेवटपर्यंत जमलं नाही. मी म्हणायची झेरॉक्सच्या दुकानाखाली, तो म्हणायचा गाड्यांच्या स्टँडखाली. विहीर बुजली ती बुजली, तिच्या जागेवरूनही आम्ही भांडत राहिलो.

घर आत्याचं. म्हणजे मळा बाबांचा, पण आई-बाबा दोघेही एकाच वर्षात गेले आणि लहानपणीच विधवा झालेली ही बाबांची बहीण आमची आईही झाली आणि बापही. अंगानं एवढीशी, पण ओट्यावरून बोलली की मोटेवरचे बैल थांबत. तिला अक्षर येत नव्हतं. मात्र मला शाळेतून काढायची गोष्ट कोणी काढली, तर त्याला ती चहा न देता ओट्यावरून उतरवत असे. हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिला सरळ दुष्ट ठरवून मोकळे व्हाल. माणसं इतकी सोपी असती तर रागही सोपा झाला असता.

दादाचं लग्न झालं आणि अंजनगाव सुर्जीहून वेणूवहिनी आली. पानमळ्यातली लेक. पानमळा म्हणजे तिकडे देवघरच. चपला बाहेर, हातपाय धुऊन आत, आणि बाई बाहेरची झाली की त्या दिवसांत वेलीवर तिची सावलीही पडता कामा नये. वहिनी ते सगळं अंगात मुरवून आली होती. पहिल्या दिवशी आमच्या शेवंतीच्या वाफ्यांपाशी आली आणि तिनं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चपला काढल्या. दादा हसला, "अवं, हे शेवंती हाये, पानवेल नाई."

"झाड तं झाडच असते ना," वहिनी म्हणाली आणि अनवाणी आत गेली.

त्यानंतर मी तिला कधीच चपला घालून वाफ्यात पाहिलं नाही. ढेकळं असोत, काटे असोत, धुऱ्यावर तिच्या चपला जोडीनं ठेवलेल्या दिसल्या की समजायचं, वहिनी आत आहे. घरात तिच्या डोक्यावरून पदर असायचा आणि तोंडात शब्द नसायचा. मळ्यात तोच पदर कमरेला खोचलेला आणि तोंड सुरू. मला चिडवायची, दादाची नक्कल करायची, मोटेच्या बैलांना त्यांच्या आळशीपणावरून टोमणे मारायची. एकाच बाईची दोन रूपं, आणि मधे फक्त तो एक धुरा. मला तर वाटतं, तिचं लग्न दादाशी कमी आणि त्या मळ्याशी जास्त लागलं होतं.

शेवंतीचं सगळं शहाणपण खुडणीत. मृगात लावलेलं रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा खुडायचा. मग बगलेतून फांद्या फुटतात. त्यांचेही शेंडे खुडायचे. जितके शेंडे, तितकी फुलं. खुडलं नाही तर झाड उंच आणि दरिद्री. वर खुडलं तर उपयोग नाही, खाली खुडलं तर झाड रुसतं. आणि पोळा आला की हात आवरायचा, कारण त्यानंतर झाड कळीच्या तयारीला लागतं. हे सगळं वहिनीच्या अंगठ्याच्या नखाला समजायचं. दादा एक वाफा करेपर्यंत तिचे दोन व्हायचे, आणि दिवाळीत तिच्या वाफ्यांत पाऊल ठेवायला जागा नसायची. आत्या कौतुक करणाऱ्यांतली नव्हती, पण तीही एकदा शेजारणीला म्हणाली, "पोरीच्या हाताले गुन हाये." वहिनी आत भाकरी थापत होती. तिची थाप जरा वेळ थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

त्या दिवसांत तिच्या हातच्या भाकरीलाही शेवंतीच्या पानाचा कडू वास असायचा. मी नाक मुरडून खायची. मूर्ख होते.

मी मॅट्रिकला होते तेव्हा रस्त्यावर विजेचे खांब आले. आमच्या मळ्याच्या कोपऱ्यापाशी खांब उभा राहावा म्हणून दादानं किती ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या, ते त्यालाच माहीत. प्रत्येक अर्जात एकच वाक्य: बहीण मॅट्रिकला आहे. आषाढात खांब उभा राहिला, त्यावर पत्र्याची टोपी आणि टोपीत बल्ब. पहिल्या संध्याकाळी तो पेटला तेव्हा अख्खी आळी जमली होती. आत्यानं खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मला म्हणाली, "आता नापास झाली तं खैर नाई."

दिवेलागणीला मी पोतं अंथरून त्या खांबाखाली बसायची, जेवायची हाक येईपर्यंत. समोर आमचा मळा, हातात भूमितीचं पुस्तक, वहीवर किड्यांचा पाऊस. मी घरात गेले तरी दिवा जळतच राहायचा. तो लावणं-विझवणं आमच्या हातात नव्हतं. पहाटे मोटेवर जाताना दादा त्याच्याकडे बघून खूश व्हायचा, बहिणीसाठी आपण सूर्यच आणून ठेवला अशा थाटात.

पोळ्याला चार दिवस होते. शेवटच्या हाताची खुडणी चालली होती. रस्त्याकडचे वाफे राहिले होते आणि वहिनीनं सकाळपासून तेच धरले होते. पहिला वाफा रस्त्याला लागून, मग दुसरा, असे पाच झाले. सहावा तिनं खांबाकडच्या टोकाला सुरू केला आणि आठदहा रोपं झाल्यावर ती एकदम उभी राहिली. हातातला शेंडा तिनं तिथेच टाकला. धुऱ्यावर आली, चपला हातात घेतल्या, घालण्यापुरतीही थांबली नाही, आणि ओट्यापासून दूर उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, मी बाहेरची झाली."

"वाफ्यात असताना?"

"हाव. तसीच उठून आली."

बस. एवढंच. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती तो वाफा पुरा करून आली असती, न्हायच्या वेळी सांगितलं असतं, किंवा दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तरी ब्रह्मदेवाला कळलं नसतं. पण ती पानमळ्यातली होती. तिनं तिच्या तिथला नियम पाळला आणि चार दिवस मागच्या खोलीत बसली. सहावा वाफा मग सुभद्राबाईनं पुरा केला. सुभद्राबाई आमच्याकडे कामाला येई. पलीकडच्या वस्तीतली. तिच्या घरानं तीनचार वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता, आणि संध्याकाळी घरी जाताना ती विहारासाठी ओंजळभर पांढरी फुलं पदरात नेत असे. ती ओंजळ आत्या स्वतः निवडून द्यायची, हेही खरं.

आश्विन लागला. मळाभर मिरीएवढ्या कळ्या धरल्या. फक्त खांबाकडच्या कोपऱ्यात काही नाही. झाडं तर अशी माजलेली, हिरवीगार, कमरेपर्यंत. पहिल्यांदा आत्याला त्याचा अभिमानच वाटला. दसरा गेला. कळी नाही. दादानं निंबोळीची पेंड घातली, राख टाकली, पाणी वाढवलं, मग पाणी तोडलं. आत्यानं लिंबू-मिरच्या बांधल्या. दिवाळीला सगळा मळा पिवळा झाला आणि तो कोपरा तसाच हिरवा, आमच्या तोंडाकडे बघत उभा.

आणि एका सकाळी आत्यानं विचारलं, "या वाफ्यात हात कोनाचा होता?"

मला तो क्षण आजही गिळता येत नाही. दादा वाफे मोजत गेला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचांतही खांबाकडची बाजू हिरवी. आणि सहाव्या वाफ्यात खांबाकडची आठदहा रोपं तेवढी बिनकळीची, पुढचा सगळा वाफा फुललेला. बरोबर वहिनी जिथे उठली तिथपर्यंत. दादाचा चेहरा उतरला. आत्यानं कपाळाला हात लावला. दोघांनाही वाटलं, झालं, ताळा जमला.

जमला? पहिल्या पाच वाफ्यांची लांबची टोकंही वहिनीनंच खुडली होती, आणि ती फुलांनी वाकली होती. ते कोणी पाहिलं नाही. हवं ते उत्तर आलं की माणूस गणित पुन्हा करून बघत नाही. विहिरीच्या काठावर उभं राहिलं की तो हिरवा तुकडा सबंध दिसायचा. पहिल्या वाफ्यात लांब, दुसऱ्यात त्याहून कमी, सहाव्यात उगीच एवढासा. खांबाशी कंपासचं टोक रोवावं आणि पेन्सिल फिरवावी, तशी त्याची कड होती. गोल. वाफे सरळ असतात हो! विटाळ लागायचाच होता तर तो वाफ्यावाफ्यानं, सरळ लागला असता, त्याला गोल फिरायची काय गरज? आणि मी, भूमितीत वर्गात पहिली येणारी मुलगी, रोज त्या वर्तुळाच्या मध्यबिंदूवर पोतं अंथरून बसत होते आणि त्रिज्येची व्याख्या पाठ करत होते.

आत्या ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वहिनीला ओट्यावर बोलावलं, जवळ बसवलं आणि समजावल्यासारखं म्हणाली, "तुहा दोष नाई म्हनत मी. शेंडा हातात होता अन् तसं झालं. पन देवाचं फूल हाये, आपल्या घराले सोसत नाई. आता फुलात पाय नको टाकू."

मला वाटलं वहिनी भांडेल. मळ्यातली वहिनी नक्की भांडली असती. पण ओट्यावर घरातली वहिनी बसली होती. तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लागला असन हात."

तिलाही ते पटलं होतं. माझ्या रागाला आजवर जागा मिळत नाही ती ह्यामुळे.

बोलली ती फक्त सुभद्राबाई. टोपली कमरेवर घेऊन ती तिथेच उभी होती. "काय व बाई, तुमी बी! आमी हे सारं सोडून देल्लं. फुलाले काय समजते?"

"तुमचं येगळं हाये," आत्या म्हणाली.

"आमचं येगळं असन. झाडाले कसं मालूम पडलं व, कोनाचं येगळं हाये तं?" ती म्हणाली आणि फुलं तोडायला निघून गेली. उत्तर नसलं की आमच्याकडे लोक जेवायला बसतात. आम्ही जेवायला बसलो.

त्यानंतर वहिनी गोठा आणि चूल ह्यांची झाली. हार ओवायलाही तिला बसू दिलं नाही. धुऱ्यावरच्या चपला दिसेनाशा झाल्या. गोवऱ्या थापताना ती मळ्याकडे पाठ करून बसायची. एकदा जेवताना मला हळूच म्हणाली, "शकूबाई, भाकरीले आता तो कडू वास नाई येत, नाई?" मी मान खाली घालून जेवत राहिले. मला परीक्षेची घाई होती.

पास झाले. भूमितीत तर असे गुण पडले की मास्तरांनी वर्गात वही फिरवली. मी अकोल्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले, आणि पुढच्या कार्तिकात दादाचं कार्ड आलं. ते कार्ड मला अजून ओळ न् ओळ पाठ आहे. त्यानं लिहिलं होतं: "यंदा शेवंती झाकून आली, खांबाकडचे वाफेसुद्धा. आत्या म्हणते, घराला लागलेलं निवारलं. खांबावरचा दिवा पाऊस लागल्यापासून बंद पडला आहे, पण तू इथे नाहीस म्हणून कोणी तक्रार केली नाही."

तीन वाक्यं, एकाखाली एक. वरच्या ओळीत फुलं आली, खालच्या ओळीत दिवा गेला. मी कार्ड वाचलं, दिव्याबद्दल हळहळले, वहिनीबद्दल उसासा टाकला आणि ते उशीखाली ठेवून दिलं. शिकलेली होते ना मी! आणि घरी वहिनीवर कायमचा शिक्का बसला. तिला दूर ठेवलं आणि फुलं आली, आता आणखी कसला पुरावा हवा? तिच्या बाजूनं एक बल्ब गेला होता, आणि त्यानंही उलटीच साक्ष दिली. पुढच्या वर्षी बल्ब बदलला, कोपरा पुन्हा रुसला, तेव्हा आत्या म्हणाली, जमिनीत मुरलंय ते, इतक्यात जायचं नाही.

मी अकोल्यालाच मुलींच्या शाळेत नोकरीला लागले. त्या दिवाळीला तीन वर्षं झाली होती. एका हिवाळ्यात वर्गाच्या मुलींना घेऊन शेतीचं प्रदर्शन पाहायला गेले होते. कापसाचे नमुने, ज्वारीची कणसं, नांगर, आणि एका टेबलावर शेवंतीच्या दोन कुंड्या. एक फुललेली, एक नुसती हिरवी, माजलेली. ती हिरवी मी लांबूनच ओळखली. टेबलामागचा तरुण मास्तर मुलींना सांगत होता, "दोन्ही एकाच झाडाची रोपं. ही रोज रात्री अंधारात ठेवली, हिच्यावर दिवा ठेवला. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. रात्री उजेड पडला की ती समजते, अजून उन्हाळाच आहे."

मी विचारलं, "रस्त्यावरचा दिवा असला तर?"

"रस्त्यावरचा असो की घरचा, बाई. झाडाला त्याचं काय?"

मुली पुढच्या टेबलाकडे गेल्या आणि मी तिथेच उभी. तो मास्तर दोनदा म्हणाला, बाई, बसता का, पाणी आणू का. मला बसायचं नव्हतं, मला कोणाला तरी बदडायचं होतं. पण कोणाला? दादानं खांब आणला तो माझ्यासाठी. आत्यानं त्याला कुंकू लावलं तेही माझ्यासाठी. मुस्काटात मारण्यासारखं एकच तोंड सापडत होतं आणि ते माझ्याच मानेवर होतं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरले आणि टांग्यात बसून आत्याला काय काय सुनवायचं ते घोकत घरी आले. ओट्यावरच सगळं सांगितलं. कुंड्या, दिवा, रात्र, गोल कड. दादाला कोपऱ्यात नेऊन पावलांनी अंतर मोजून दाखवलं. मला वाटलं होतं, घरावर वीज पडेल. दादानं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "हात्तिच्या! मंग तिथी गुलाब लावू."

झालं. संपलं. त्याला लगेच पटलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीनं घर धरून ठेवलं होतं ती एका वाक्यात सुटली, कारण त्यात मळ्याचा फायदा होता. आत्यानं खांबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं झालं, लिंबं तरी वाचतीन." आणि दोघेही गुलाबाच्या कलमांबद्दल बोलू लागले. चुलीपुढे वहिनी बसली होती. दार उघडं होतं, तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिच्याकडे एकानंही मान वळवली नाही. दिव्याचा गुन्हा शाबीत झाला होता, पण वहिनी सुटली असं कोणी बोललं नाही.

मी आत गेले. "वहिनी, तुहा काहीच दोष नव्हता व."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मी त्या दिवसी सांगतलंच नसतं तं?"

"तर कोणाले काही समजलंच नसतं."

"म्हंजे कळी दिव्यानं थांबोली, अन् मले माहं सांगनं भोवलं." तिनं भाकरी तव्यावरून उतरवली. "अन् शकूबाई, दिव्याचं तं तुमी पाहून आल्या. माह्या हाताचं कोनं पायलं?"

मला तिचा प्रश्न समजला नाही. कसला हात, आता सगळं स्पष्ट आहे ना, असं काहीतरी म्हणून मी तिची समजूत काढली. मास्तरणीला समजावण्याची सवयच असते, ऐकण्याची नसते.

पुढच्या श्रावणात खुडणीला माणसं कमी पडली. दादानं पत्रात लिहिलं, आत्या ओट्यावरून वहिनीला म्हणाली, "काहून, हात रिकामेच हायेत का? जाय मळ्यात." ही आमच्या घराची माफी. ह्याहून लांब माफी आमच्याकडे कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. पत्र वाचून मी खोलीभर फेऱ्या मारल्या. आनंद झाला होता, नाही असं नाही, पण आनंदापेक्षा चरफड जास्त. चार वर्षं घेतली आणि परत देताना "जाय मळ्यात"!

दिवाळीच्या सुटीत घरी गेले. वहिनी आता नाही, आत्या तर कधीच गेली, म्हणून हे सांगायला हरकत नाही. हरकत नाही आणि उपयोगही नाही. चिडायला मी एकटी उरले आहे.

सकाळ होती. दव होतं. कोपऱ्यात गुलाबाची कलमं जीव धरत होती, आणि बाकी मळा पिवळा. धुऱ्यावर वहिनीच्या चपला होत्या, जोडीनं ठेवलेल्या. त्यांच्याकडे पाहून मीही चपला काढल्या आणि आत गेले. पदर खोचून ती फुलं तोडत होती. मला पाहून हसली आणि हात धरून मळ्याच्या मध्यावर घेऊन गेली, खांबापासून पार लांब. तिथे एका वाफ्याच्या तोंडाशी तुरीची काडी रोवलेली होती.

"हा वाफा पाहा," ती म्हणाली.

वाफा काय होता! पान दिसत नव्हतं. शेजारचेही फुललेले होते, पण हा काठोकाठ.

"हा मी त्या चार दिवसात खुडला," वहिनी म्हणाली. आवाज खाली नव्हता, वरही नव्हता. भाव विचारावा तसा. "पुरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोनाले बोलली नाई. बाहेर बसलीच नाई मी. दिव्याचं तुमी पायलं, हाताचं मले पाहाचं होतं."

मी काही म्हणणार एवढ्यात मागून आत्या आली, टोपली घेऊन. लक्ष्मीपूजनाच्या हाराला फुलं हवी होती. तिची नजर अचूक. सगळा मळा सोडून ती त्याच वाफ्यापाशी थांबली, वाकली, आणि एकेक फूल जपून टोपलीत ठेवू लागली. पहिलं फूल तिनं कपाळाला लावलं.

"पाय शके," ती मला म्हणाली, "जिथी सोवळं सांभाळलं, तिथी फूल कसं हासते!"

सगळं एकदम वर आलं. चार वर्षं, ते कार्ड, ती गोल कड, त्या गोवऱ्या. मी तोंड उघडलं. वहिनीनं माझं मनगट पकडलं. तिच्या बोटांना तो कडू वास होता.

"राहू द्या, शकूबाई," ती हळूच म्हणाली. "खरं एक डाव सांगून पायलं ना मी."